पटाची जोडी आणि रेसचा घोडा: जिंकूनही मालकाच्या खिशात नेमकं काय पडतं?

डिसेंबर-जानेवारी आला की भंडारा जिल्ह्यातल्या पोरांचं इन्स्टाग्राम बदलतं. धूळ उडतेय, छकडा हवेत उसळतोय, मागे डीजेचं गाणं, आणि खाली कॅप्शनमध्ये बैलाचं नाव आणि त्याची किंमत. इतक्या लाखांना मागितला, मालकाने दिला नाही. कमेंटमध्ये सगळे 'नाद खुळा'.

पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या चौरास भागातल्या गावात या रील्स बघणारा प्रत्येक जण मनातल्या मनात एक हिशोब करत असतो. गोठ्यात एक चांगला गोऱ्हा आहे. पटावर उतरवला तर? धानाच्या एका हंगामात जे सुटत नाही, ते एका बैलात सुटेल का?

विषय फक्त बैलाचाही नाही. तिकडे मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर कोटींचे घोडे पळतात. त्यांच्या मालकांच्या अडचणी वेगळ्या वाटतात, पण खोलात गेलं की दोघांचं दुखणं एकच निघतं. पळणाऱ्या जनावराचा मालक वेगाचे पैसे मोजतो खरा, पण त्या वेगाची किंमत कोर्ट, कर आणि पुढचा गिऱ्हाईक ठरवतो. मालकाच्या हातात त्यातलं फार थोडं असतं.

आधी आपल्या पटाचं बघू.

शंकरपट म्हणजे नुसती शर्यत नाही

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा, आपल्याकडे पट. धानाची मळणी उरकली, हातात थोडा पैसा आला की पटाचा हंगाम सुरू होतो. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर एक धुरकरी. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर पळते आणि सेकंदाच्या हिशोबाने निकाल लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यासाठी नावाजलेला आहे, तिथे बायकाही छकड्यावर चढून बैल हाकतात.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या भागात, पटाचा दिवस हा गावाचा सण असतो. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात. दिवसा पट आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचं वेळापत्रक या गर्दीभोवतीच बांधलेलं असतं. त्यामुळे पट बंद पडतो तेव्हा चहाच्या टपरीपासून नाटकाच्या पडद्यापर्यंत सगळ्यांना झळ बसते.

पण यातला सगळ्यात मोठा खर्च एकटा माणूस उचलत असतो, तो म्हणजे जोडीचा मालक.

जोडीचं गणित

हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावातले भाव टाकून तुम्ही ते बदलू शकता.

समजा तीन लाखांना जोडी घेतली. शेतीच्या बैलाला तणस आणि हिरवं टाकलं की भागतं, पटाच्या बैलाचं तसं नाही. त्याला सरकीची ढेप, चुनी, कणीक, कुणी दूध, कुणी अंडी. रोजचा सराव, मालिश, आणि जवळपास सतत एक माणूस. एका बैलामागे दिवसाला ३०० रुपये धरले तर जोडीचे ६०० झाले. वर्षाचे २ लाख १९ हजार. हंगामात १२ पट केले आणि पिकअपचं भाडं, धुरकऱ्याची बिदागी, प्रवेश फी मिळून एका पटाला चार हजार धरले, तर आणखी ४८ हजार. वर्षाचा खर्च २ लाख ६७ हजार.

आता जमेची बाजू. बारापैकी तीन पटांवर नंबर आला आणि सरासरी २५ हजार मिळाले, तर झाले ७५ हजार. तीन ठिकाणी नंबर येणं ही चांगली जोडी झाली बरं का, बहुतेक जोड्या एकही बक्षीस न घेता घरी परततात. तरीही तूट १ लाख ९२ हजारांची.

मग लोक हे करतात कशाला? तर खरा पैसा बक्षिसात नसतोच, तो सौद्यात असतो. तीन नंबर आलेली जोडी पटावरच कुणी तरी मागतो. ती पाच लाखांना गेली तर वर्षभराचा खर्च निघून आठेक हजार वर उरतात. सात लाखांना गेली तर कमाई. म्हणजे बक्षीस ही कमाई नाही, ती जाहिरात आहे. रीलही जाहिरातच. 'इतक्याला मागितला, दिला नाही' या वाक्यात जो भाव सांगितला जातो, तो पुढच्या गिऱ्हाईकाला ऐकवण्यासाठी असतो. झालेला सौदा आणि सांगितलेला सौदा यात किती अंतर असतं, हे बैलबाजारात एकदा तरी इसार दिलेल्या माणसाला विचारा.

आणि यात एक गोम आहे. बैलाचा पाय मुरगळला, खूर फाटला, तर तीन लाखांची जोडी रातोरात नांगराची जोडी होते. नांगराच्या जोडीला आता ट्रॅक्टरमुळे भाव उरलेला नाही. वय तर थांबतच नाही. बैलाचं वय दातावरून मोजतात, दोनदाती, चौसा, सहादाती आणि मग जुळला. दर दाताला भाव बदलतो. जुळलेल्या बैलाची पुढची काही वर्षं जोमाची असतात, त्यानंतर पुढचा गिऱ्हाईक मिळत नाही. ज्याच्या गोठ्यात बैल त्या वेळी असतो, तोटा त्याचा.

घोड्याच्या मालकाचं काय वेगळं?

श्रीमंती सोडली तर फारसं काही नाही.

रेसचा घोडा थरोब्रेड जातीचा असतो. त्याचे दात मोजावे लागत नाहीत, कारण भारतात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला धरतात. दोन वर्षांचा झाला की तो पळायला लागतो. महाराष्ट्रात हा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब बघतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं आहे. तिथली सगळ्यात मानाची शर्यत इंडियन डर्बी, अंतर २४०० मीटर, पहिल्यांदा १९४३ साली झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली.

मालक घोडा विकत घेतो, ट्रेनरकडे ठेवतो आणि दर महिन्याला त्याचं बिल भरतो. चारा, सईस, नालबंद, डॉक्टर, सगळं त्यात. जिंकला तर बक्षिसातून ट्रेनर आणि जॉकीचा वाटा जाऊन उरलेलं मालकाचं. हरला तरी बिल तेवढंच. हल्ली एकट्याला परवडत नाही म्हणून चार-पाच जण मिळून एक घोडा घेतात. आपल्याकडे दोन घरं मिळून एकेक बैल देतात आणि जोडी करतात, त्यातलाच हा प्रकार.

या धंद्यात तोटा होतो हे सरकारलाही इतकं पक्कं माहीत आहे की त्यासाठी कायद्यात वेगळं कलम ठेवलं गेलं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ७४अ सांगतं की रेसचे घोडे पाळण्यात झालेला तोटा फक्त त्याच धंद्यातल्या नफ्यातून वजा करता येईल, आणि तोही पुढची चार वर्षंच ओढता येईल. म्हणजे एखाद्या उद्योगपतीला घोड्यावर बुडालेले पैसे दाखवून कारखान्याच्या नफ्यावरचा कर वाचवता येऊ नये. लॉटरी आणि शर्यतीवरच्या पैजेच्या कमाईवर जो वेगळा ३० टक्के कर होता, त्यातून घोडे पाळण्याचं उत्पन्न मात्र बाजूला काढलं होतं. कायद्याच्या नजरेत पैज लावणारा वेगळा आणि घोडा पोसणारा वेगळा.

पटाच्या बैलाचा तोटा कुठल्याच कलमात बसत नाही. तो सोसायटीच्या कर्जात आणि बायकोच्या दागिन्यात बसतो.

१२ जानेवारीच्या दोन तारखा

आता कोर्टाकडे येऊ, कारण मालकांचे सगळ्यात मोठे चढउतार तिथेच झाले.

१२ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात निकाल दिला. प्रकरण मद्रासच्या रेस क्लबचं होतं. न्यायालय म्हणालं, घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळे तो जुगार नाही. घोड्याच्या मालकांना त्या दिवसापासून पक्की जमीन मिळाली.

बरोबर वीस वर्षांनी, १२ जानेवारी २०१६ ला, त्याच न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेला स्थगिती दिली. ती अधिसूचना निघाली होती ७ जानेवारीला. म्हणजे अवघे पाच दिवस. त्या पाच दिवसांत शर्यती सुरू होणार या आशेवर ज्याने कुणी जोडीचा इसार दिला असेल, त्याचं काय झालं असेल याचा विचार करा.

मुळात बंदी कुठून आली? जुलै २०११ मध्ये केंद्राने बैलाला अशा प्राण्यांच्या यादीत टाकलं, ज्यांना खेळ दाखवण्यासाठी शिकवता किंवा वापरता येत नाही. यादीत वाघ, अस्वल, माकड आधीपासून होतेच. मग ७ मे २०१४ ला नागराजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी घातली. त्यातला एक मुद्दा होता शरीररचनेचा. बैलाचं शरीर ओझं ओढण्यासाठी आहे, घोड्यासारखं शर्यतीत पळण्यासाठी नाही, त्याला पळायला लावायचं म्हणजे वेदना आणि भीती दाखवूनच.

हा मुद्दा गावात कुणाला पटला नाही, पण तो हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. तुतारी, म्हणजे टोकाला आर लावलेली काठी, पटावर सर्रास वापरली जायची. शेपटी पिरगाळणं, चावणं, बॅटरीचा शॉक देणं, हे प्रकार घडत होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. दुसरीकडे घोड्यालाही चाबूक बसतोच, त्याचाही पाय मोडतो. फरक हा की घोड्याच्या शर्यतीला क्लब होता, नियमांचं पुस्तक होतं, जिंकलेल्या घोड्याची डोप टेस्ट होती आणि सरकारला कर जात होता. बैलाच्या शर्यतीला यात्रा कमिटी होती. माझ्या मते नागराजा निकालाचा खरा धडा शरीररचनेपेक्षा हाच आहे. ज्या खेळाची कागदावर नोंद असते त्याच्यावर नियम येतात, ज्याची नसते त्याच्यावर थेट बंदी येते.

दोन्ही दारं बंद

बंदीच्या काळातली एक गोष्ट चर्चेत फारशी येत नाही. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याआधी काम न देणाऱ्या बैलाला प्रमाणपत्र घेऊन कत्तलीसाठी विकता यायचं. नव्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद.

आता दोन्ही कायदे एकत्र ठेवा आणि मालकाच्या गोठ्यात उभे राहा. मे २०१४ मध्ये बैलाचं पळणं बंद. दहा महिन्यांनी बैलाला शेवटचा गिऱ्हाईकही बंद. शेतीचं काम ट्रॅक्टरने आधीच नेलेलं. बैल मात्र रोज खाणारच. गाई-बैलावरची श्रद्धा किंवा प्राण्यांवरची दया याबद्दल तुमचं मत काहीही असो, पैशाच्या भाषेत ती अशी मालमत्ता झाली जी विकता येत नाही, चालवता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत मरीना बीचवर लाखो पोरं उतरली आणि तिथल्या सरकारने कायदा बदलला. मागोमाग महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली. पण ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यापासून सरकारला रोखलं आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मुभा दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

२०१४ ते २०२१, साडेसात वर्षं. बैलाच्या पळण्याच्या उमेदीची वर्षं साधारण तेवढीच असतात. बंदीच्या वेळी ज्याच्या दावणीला दोनदाती गोऱ्हा होता, त्याचं सगळं आयुष्य त्या तारखांमध्ये संपलं. ते बैल परत आलेल्या पटावर कधी उतरलेच नाहीत.

परत आलेला पट महाग आहे

आता परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. आयोजकाला ५० हजारांची अनामत, १००० मीटरपेक्षा लांब धावपट्टी नाही, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक-शॉक काहीही नाही, बैल आणि घोडा एकत्र जुंपायचा नाही. नियम मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम चांगले आहेत. पण खर्च वाढला की तो कुणाकडून तरी वसूल होतोच, आणि प्रवेश फी मालकच भरतो.

शिवाय यात आता राजकारणी उतरलेत. पश्चिम महाराष्ट्रात बक्षीस म्हणून ट्रॅक्टर, जेसीबी, थारपर्यंत मजल गेली. एवढ्या बक्षिसासाठी पळणारा बैलही तसाच लागतो, तो घेणारा मालकही तसाच. मग बिल्डर आला, वाळूवाला आला, गुंठामंत्री आला. पूर्वी घरचा गोऱ्हा घरच्याच पोराने पळवून नाव काढायची सोय होती. आता तो गोऱ्हा पहिला नंबर आला की दुसऱ्या दिवशी विकला जातो, कारण पुढच्या पातळीवर त्याला पोसणं छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नसतं. याला वाईट म्हणावं की चांगलं, मला ठरवता येत नाही. पोरीच्या लग्नाला त्या सौद्याचे पैसे आले तर त्या घरासाठी ते चांगलंच.

पण जोखीम किती एकतर्फी आहे हे २०२२ ने दाखवलं. शर्यती सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तोच लम्पी आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पहिला रुग्ण, सप्टेंबरमध्ये राज्यभर जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती बंद. लम्पीने दगावलेल्या जनावरांसाठी सरकारने मदत जाहीर केली. गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. पटावर पाच लाखांना मागितलेला बैल आणि नांगराचा म्हातारा बैल, सरकारी कागदावर दोघेही २५ हजारांचेच. रीलवर सांगितलेली किंमत कुठल्याच तलाठ्याच्या नोंदीत नसते. म्हणून जोडी घेणाऱ्याने निदान सौद्याची लेखी पावती, कानातला बिल्ला आणि विमा एवढं तरी सोडू नये. विमा कंपनीही पावतीशिवाय पाच लाख मानत नाही.

आणि घोडेवाले?

त्यांच्यावरही संक्रांत आहे, फक्त ती करातून आली. रेसच्या बक्षिसाचा पैसा बऱ्याच अंशी पैजेवरच्या कमिशनमधून येतो. जीएसटी आल्यापासून पैजेवर २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पैजेच्या पूर्ण रकमेवर, म्हणजे शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये. साहजिकच खेळणारा खिडकी सोडून बेकायदा बुकीकडे वळतो, तिथे कर नाही. खिडकीवरची उलाढाल आटली की क्लबचं उत्पन्न आटतं, मग बक्षीस आटतं. घोड्याचं महिन्याचं बिल मात्र आटत नाही. पैज दुसऱ्याने लावली, कर सरकारने घेतला, आणि तूट आली मालकाच्या अंगावर.

त्यात जागेचा प्रश्न. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेकरार २०१३ मध्येच संपला होता. २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर मुंबई महापालिकेच्या उद्यानासाठी जाणार आणि ९१ एकर तीस वर्षांसाठी क्लबकडे राहणार. मुंबईकराला बाग मिळणार, त्यात वाईट काही नाही. पण ज्या धंद्याची जमीन आणि कर दोन्ही दुसरेच ठरवतात, त्यात नवा घोडा घेताना मालकाचा हात आखडणारच.

पळणं संपल्यावर

घोड्याची पळण्याची वर्षं बैलापेक्षाही कमी. चांगला निघाला तर तो पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो, नाही तर रायडिंग क्लबला. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, कारण सर्पदंश, धनुर्वात अशांवरची औषधं घोड्याच्या रक्तातून निघणाऱ्या सीरमपासून बनतात. घोडे आपण देतो तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावालांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. घोड्याच्या मालकीतून झालेली महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कमाई कुठल्या डर्बीतून आली नाही, ती न पळणाऱ्या घोड्यांमुळे सुचली.

म्हाताऱ्या पटाच्या बैलाला तसला गिऱ्हाईक नाही. गोशाळेत जागा मिळाली तर मिळाली, नाही तर तो घरीच राहतो. पोळ्याला त्याला झूल चढते, तोरणाखाली मान मिळतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तणस घालायची. पुढच्या हंगामासाठी आलेल्या नव्या गोऱ्ह्याची ढेप त्याच्या शेजारच्याच गव्हाणीत पडत असते.